जुने रुबिडियम, जुने सीझियम: दुरुस्तीला देण्याआधी खर्चाचा हिशेब

तुमच्या कॅलिब्रेशन लॅबच्या रॅकमध्ये, कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा हॅम रेडिओच्या टेबलावर वीस-तीस वर्षांचे फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड आहे. 'लॉक'चा दिवा लागत नाही, किंवा दिवा लागतो पण काउंटरवरचा आकडा सरकत राहतो. दुरुस्तीवाला फोनवर म्हणतो, "पाठवून द्या, बघतो." पाठवू नका. आधी तीन गोष्टी कागदावर मांडा: तुम्हाला खरोखर किती अचूकता लागते, आत नेमके काय थकले आहे आणि बिलात कोणकोणत्या ओळी येणार आहेत. हा कागद हातात असेल तर निम्मी फसवणूक तिथेच टळते.

किती अचूकता हवी?

ओव्हनमधला चांगला क्वार्ट्झ ऑसिलेटर नीट तापल्यावर दिवसाला दहा अब्जांत काही भाग एवढाच सरकतो. रुबिडियम महिन्याला शंभर अब्जांत काही भाग सरकते. एचपी ५०६१ए या जुन्या सीझियम स्टँडर्डची हमी शंभर अब्जांत एक भागाची होती. नंतरच्या ५०७१एची हमी हजार अब्जांत एक भागाची आहे.

आता तुमचे काम बघा. साध्या क्रिस्टलचे, दहा लाखांत एक भाग अचूकतेचे काउंटर तपासत असाल तर चांगला क्वार्ट्झ पुरतो. ओव्हनवाले काउंटर आणि सिग्नल जनरेटर तपासत असाल तर रुबिडियम घ्या, किंवा जीपीएसने नियंत्रित केलेला ऑसिलेटर घ्या. सीझियम फक्त तुमच्या ग्राहकाने लेखी मागितले असेल तरच. ज्या कामाला क्वार्ट्झ पुरतो त्यासाठी सीझियम जिवंत ठेवू नका.

फुकटातली तपासणी

दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी दोष किती आहे ते स्वतः मोजा. लागते काय? एक दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप आणि जीपीएसने नियंत्रित १० मेगाहर्ट्झचा स्रोत. स्वतःचा नसेल तर जवळच्या लॅबकडून किंवा इंजिनीअरिंग कॉलेजकडून एका दिवसासाठी मागा.

जीपीएसच्या सिग्नलवर ऑसिलोस्कोप ट्रिगर करा आणि तुमच्या स्टँडर्डचा १० मेगाहर्ट्झ दुसऱ्या चॅनेलला द्या. त्याची लाट हळूहळू बाजूला सरकेल. एक पूर्ण लाट म्हणजे १०० नॅनोसेकंद. ती १०० सेकंदांत एक लाट सरकली तर चूक अब्जात एक भाग आहे. १,००० सेकंदांत सरकली तर दहा अब्जांत एक. १०,००० सेकंदांत, म्हणजे पावणेतीन तासांत सरकली तर शंभर अब्जांत एक. तारीख, वेळ, खोलीचे तापमान आणि आकडा वहीत लिहा. उद्या दुरुस्तीवाल्याशी बोलताना हीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

काय बिघडते, काय स्वस्त, काय महाग

सर्वात स्वस्त बिघाड पॉवर सप्लायमधले. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतात, टँटॅलम कपॅसिटर शॉर्ट होतात, पंखा अडकतो, जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी गळून बोर्ड खाते. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, पण या कामासाठी अधिकृत वितरकाकडून, बिलासह घ्या. इथे नकली कपॅसिटर म्हणजे वर्षभरात तीच दुरुस्ती पुन्हा. बॅटरी गळालेली दिसली तर आजच काढा; दुरुस्ती महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल, बॅटरी आत ठेवून चालणार नाही.

क्वार्ट्झमध्ये वारंवार आढळणारा बिघाड म्हणजे ओव्हनचा थर्मल फ्यूज. एचपीच्या १०८११ या ऑसिलेटरमध्ये तो हमखास उडतो. लक्षण सोपे आहे: तासाभरानेही ऑसिलेटरचा डबा गारच. फ्यूज स्वस्त आहे, मजुरी जास्त. इथे एक शॉर्टकट चालतो: फ्यूजऐवजी सरळ तार जोडून देणे. तो नाकारा. ओव्हनचे नियंत्रण बिघडले तर तोच फ्यूज क्रिस्टलला वाचवतो. त्याच तापमानाचा फ्यूज बसवला का, हे बिलावर लिहून घ्या.

रुबिडियममध्ये आतला दिवा थकतो. एलपीआरओ-१०१सारख्या मॉड्यूलवर दिव्याचे व्होल्टेज मोजायला वेगळी पिन असते. ते ३ व्होल्टच्या खाली गेले असेल तर दिवा शेवटाकडे आहे. 'दिवा बदलायला हवा' असे कोणी म्हटले तर आधी ते व्होल्टेज विचारा. कधी रुबिडियम काचेवर चुकीच्या जागी जमते आणि जाणकार हात दिवा काळजीपूर्वक तापवून ते मूळ जागी नेतात. हे काम काही तासांचे आहे. त्याला 'नवा दिवा' म्हणून बिल लावू देऊ नका. जुना दिवा परत मागा. आणि दिवा वाचवायचा असेल तर मॉड्यूलच्या तळाला मोठा हीटसिंक लावा. उष्णता त्याचे आयुष्य झपाट्याने खाते.

सीझियममध्ये महाग गोष्ट एकच: बीम ट्यूब. ती आतल्या सीझियमवर चालते आणि ते संपते. बीमचा प्रवाह पडला असेल आणि गेन शेवटपर्यंत फिरवूनही लॉक होत नसेल तर ट्यूब संपली समजा. नव्या ट्यूबचा हिशेब लाखांत जातो. जुन्या मॉडेलच्या वापरलेल्या ट्यूबमध्ये किती आयुष्य उरले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. माझा स्पष्ट सल्ला: ट्यूब संपली की तिथेच थांबा. यंत्रातला क्वार्ट्झ ऑसिलेटर बहुधा अजून उत्तम असतो. तो जीपीएसला जोडून वापरा.

सीझियमचे यंत्र वर्षानुवर्षे बंद असेल तर थेट चालू करू नका. ट्यूबमध्ये वायू साठतो. आधी आयन पंप चालवून निर्वात पोकळी नीट करावी लागते. हा पंप साडेतीन हजार व्होल्टच्या आसपास चालतो. झाकण काढून हात घालणे हे घरचे काम नाही.

आणखी एक: या यंत्रात वापरलेले सीझियम-१३३ किरणोत्सारी नाही. 'रेडिएशन तपासणी' म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. मात्र हा धातू हवा-पाण्याशी भडकून अभिक्रिया करतो, म्हणून ट्यूब फोडू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका. ती अधिकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडेच जाऊ द्या.

कुठे न्यायचे?

दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन ही दोन वेगळी कामे, बहुधा दोन वेगळ्या ठिकाणी होतात. कॅलिब्रेशन लॅब मोजून प्रमाणपत्र देते. बिघाड काढत नाही. बंद पडलेले यंत्र तिथे पाठवले तर तपासणीचे पैसे जातील आणि यंत्र तसेच परत येईल.

कॅलिब्रेशनसाठी सर्वोच्च ठिकाण म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, एनपीएल; भारतीय प्रमाणवेळ तीच सांभाळते. पण रुबिडियमच्या रोजच्या कामासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. मुंबईत अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल पश्चिम ही सरकारी लॅब आहे. शिवाय खासगी लॅब, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे फक्त नाव बघू नका, लॅबची व्याप्ती उघडा. फ्रिक्वेन्सीपुढे दिलेला सीएमसीचा, म्हणजे लॅबच्या मापनक्षमतेचा, आकडा बघा. तो तुमच्या स्टँडर्डच्या अचूकतेपेक्षा किमान चौपट चांगला नसेल तर ती लॅब तुमच्या कामाची नाही.

उत्पादकाकडे जायचे असेल तर नावांचा गोंधळ लक्षात घ्या. एचपीचे सीझियम १९९९ मध्ये एजिलेंटकडे, २००५ मध्ये सिमेट्रिकॉमकडे, २०१३ मध्ये मायक्रोसेमीकडे आणि २०१८ मध्ये मायक्रोचिपकडे गेले. जुन्या मॉडेलची मॅन्युअल मात्र एचपीच्या नावानेच शोधा. ती बहुतेक इंटरनेटवर मोफत आहेत. 'सर्व्हिस मॅन्युअल शुल्क' बिलात दिसले तर ती ओळ खोडा.

कागदपत्रे

पाठवताना सोबत ठेवा: डिलिव्हरी चलन, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक, 'दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही' असा शेरा, मागील कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची प्रत आणि तुमच्या वहीतल्या नोंदी. राज्याबाहेर पाठवताना मालाची किंमत ५०,००० रुपयांहून जास्त असेल तर ई-वे बिल. यंत्राचे सर्व बाजूंनी फोटो काढा, सील आणि स्क्रूसह.

आत सीझियम असेल तर कुरिअरला लेखी कळवा. सीझियम हा यूएन १४०७ क्रमांकाचा धोकादायक माल आहे. लपवून पाठवलेले पार्सल विमानतळावर अडकले तर दंड तुमच्या नावावर.

परदेशी दुरुस्तीला पाठवताना निर्यातीच्या कागदांवर अनुक्रमांक आणि 'दुरुस्तीनंतर परत आयात' हे नक्की लिहा. दुरुस्त माल परत येताना सवलत मिळाली तर शुल्क यंत्राच्या पूर्ण किमतीवर नाही, दुरुस्ती, विमा आणि जाण्यायेण्याच्या वाहतुकीवर लागते. पण परत आलेले यंत्र तेच आहे हे सिद्ध करावे लागते. सध्याच्या अटी कस्टम्स एजंटकडून आधीच लेखी घ्या.

लपलेले खर्च

दर विचारताना 'एकूण किती' विचारू नका, ओळीनुसार विचारा. तपासणी शुल्क किती, आणि दुरुस्ती केली तर ते वजा होणार का? दुरुस्ती होऊ शकली नाही तर किती? 'जसे आले तसे' मोजमाप आणि 'दुरुस्तीनंतरचे' मोजमाप, दोन्ही मिळणार का? समायोजनाचे वेगळे पैसे का? प्रमाणपत्रावर एनएबीएलचे चिन्ह असेल का, की साधा अहवाल? पुढची तारीख छापून हवी असेल तर आधीच सांगा. आयएसओ १७०२५ या मानकानुसार लॅब ती तुमच्या संमतीशिवाय लिहीत नाही, आणि नंतर सुधारित प्रमाणपत्राला पुन्हा शुल्क लागू शकते.

दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तोंडी सांगितलेला आकडा बहुधा कराआधीचा असतो. उदाहरणार्थ, १५,००० सांगितले तर बिल १७,७०० चे. त्यावर लाकडी पेटी, विमा, दोन्ही बाजूंची वाहतूक. परदेशातून सुटा भाग मागवला तर सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नाही, किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर मोजले जाते. संकेतस्थळावर दिसणारा दोन-तीनशे डॉलरचा वापरलेला रुबिडियम मॉड्यूल हातात पडेपर्यंत बराच महाग होतो. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या आयातीवर निर्बंधही आहेत. पैसे भरण्याआधी एजंटला विचारा.

विजेचा खर्च विसरू नका. ही यंत्रे चोवीस तास चालतात. १२ वॉटचा रुबिडियम मॉड्यूल वर्षाला सुमारे १०५ युनिट खातो. ४० वॉटचे जुने सीझियम सुमारे ३५०. दहा रुपये युनिट धरले तर अनुक्रमे १,०५० आणि ३,५०० रुपये. यूपीएस आणि वातानुकूलन त्यावर.

किती दिवस?

'दुपारपर्यंत करून देतो' असे सांगणारा लाट मोजणारच नाही. ओव्हनवाला क्वार्ट्झ आधी किमान चोवीस तास तापलेला हवा. त्याचा सरकण्याचा वेग ठरवायला आठवडे लागू शकतात. रुबिडियम काही मिनिटांत लॉक होते, पण प्रमाणपत्रासाठी त्यालाही एक दिवस द्या. शंभर अब्जांत एक भागाचे मोजमाप स्वतःच तासन् तास चालते. यंत्र परत आल्यावर लगेच वापरू नका. वीज तोडून पुन्हा दिली की ऑसिलेटर अगदी पूर्वीच्याच आकड्यावर येत नाही. काही दिवस चालू ठेवा, मग तीच लाट-तपासणी पुन्हा करा आणि प्रमाणपत्राशी ताडून पाहा.

घेऊ नका, भुलू नका

'दुर्मीळ टाइम रिसीव्हर' म्हणून लोरान-सी या जुन्या रेडिओ-दिशादर्शन प्रणालीचे यंत्र स्वस्तात दिसले तर सोडा. अमेरिकेने ते प्रसारण ८ फेब्रुवारी २०१० पासून बंद केले आणि भारतात ते ऐकण्यासारखे काही नाही.

तुमच्या जुन्या जीपीएस यंत्रावर तारीख १९ वर्षे सात-आठ महिने मागे दाखवत असेल तर घाबरू नका. जुनी जीपीएस यंत्रणा आठवडे फक्त १,०२४ पर्यंत मोजते आणि मग शून्यावर येते. ट्रिम्बलच्या थंडरबोल्ट या जीपीएस यंत्राची तारीख ३० जुलै २०१७ रोजी अशीच मागे गेली. १० मेगाहर्ट्झचा सिग्नल त्याने बिघडत नाही. तुम्ही फक्त फ्रिक्वेन्सी वापरत असाल तर 'जीपीएस मॉड्यूल बदला' या सल्ल्यावर खर्च करू नका. घड्याळ म्हणून वापरत असाल तरच सॉफ्टवेअरची सोय शोधा.

आणि एक शेवटचे काम, आजच करा. यंत्राजवळ एक वही बांधून ठेवा. महिन्यातून एकदा लाट मोजा, दिव्याचे किंवा बीमचे वाचन घ्या, पंख्याला हात लावून बघा. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की दिवा किंवा ट्यूब कोणत्या वेगाने खाली येते आहे ते दिसेल. मग दुरुस्ती कधी काढायची हे तुम्ही ठरवाल आणि पैशांची तरतूदही वेळेत होईल.