थांबली की थरथरते

प्रश्न : माझी १९९६ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० मंचरच्या बाजारात थांबली की थरथरते, बंद पडते, हायवेला मात्र झकास पळते. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे असं होतं म्हणतात. कार्बोरेटर बदलू का?
– एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : एवढ्यात खर्च नको. इथेनॉलने मिश्रण किंचित पातळ होतं हे खरं; साध्या पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५ पट. पण दोष नुसत्या इंधनाचा असता, तर गाडी पुणे-नाशिक रस्त्यावरही कुरकुरली असती. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत जाणारी हवा मोजकीच. तेव्हा तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपातून शिरलेली चोरटी हवाही भारी पडते. वेगात तीच नगण्य ठरते. गरम इंजिनावर चोक जरासा ओढून बघा. थरथर कमी झाली, तर मिश्रण पातळच आहे. मग पाइपांची टोकं आणि कार्बोरेटरखालचं पॅकिंग तपासून घ्या. ते ठीक निघालं तर आयडल जेट तुंबला असेल, तो साफ होतो. स्क्रू पिळून आयडलिंग वाढवलं की भागतं, असं कुणी म्हणेल. त्याने दुखणं फक्त झाकलं जातं. फट शोधायला पेट्रोल मात्र अजिबात शिंपडू नका, भडका उडेल. चोकने काहीच फरक पडला नाही, तर प्लग आणि कॉम्प्रेशन बघा.