शिसेबाधा : औषधोपचारानंतरची देखरेख

२०१० सालच्या पूर्वार्धात नायजेरियाच्या झाम्फारा राज्यातील काही खेड्यांत लहान मुले आकडी येऊन दगावू लागली. प्रथम हा हिवताप असावा असा समज झाला. पुढे रक्ततपासणीत निराळेच कारण निघाले. या भागातील सोन्याच्या खनिजात शिशाचे प्रमाण मोठे होते. ग्रामस्थ ते खनिज घराच्या अंगणातच फोडत, प्रसंगी धान्य दळण्याच्या यंत्रात दळत, आणि त्याची धूळ मुलांच्या हाताला, अन्नाला व पाण्याला लागत असे. दरेता व यारगल्मा या दोन खेड्यांच्या पाहणीत पाच वर्षांखालील ४६३ मुलांपैकी ११८ मुले आधीच्या वर्षभरात मरण पावल्याचे आढळून आले. रक्त तपासलेल्या २०४ मुलांपैकी १९८ जणांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार दहा वर्षांपर्यंतच्या मुलांत याच पातळीपासून शिसे बाहेर काढणारे औषध देण्याची शिफारस आहे. पाच मायक्रोग्रॅमला मात्र शिसे कोठून येते याचा शोध सुरू करावयाचा असतो.

सक्सिमर हे तोंडाने घ्यावयाचे औषध रक्तातील शिशाला बांधून मूत्रावाटे बाहेर टाकते. प्रचलित पद्धतीत त्याचा क्रम एकोणीस दिवसांचा असतो : पहिले पाच दिवस दिवसातून तीन वेळा व पुढील चौदा दिवस दोन वेळा. क्रम संपला की रक्तातील पातळी खाली आलेली दिसते, पालकांना हायसे वाटते आणि अनेकदा तेथेच उपचार संपला असे मानले जाते. खरी अडचण येथूनच सुरू होते.

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते. त्यामुळे त्याचा मोठा साठा हाडांत होतो. मुलांच्या शरीरातील सुमारे सत्तर टक्के व प्रौढांच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, हाडांतील मात्र दशकानुदशके राहते. औषधाने रक्त स्वच्छ झाले की हाडांतील साठा पुन्हा रक्तात उतरू लागतो. म्हणून क्रम संपल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासणे आवश्यक ठरते, आणि पातळी वाढलेली आढळल्यास दुसरा, कधी तिसरा क्रम द्यावा लागतो. बोटाला टोचून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरची धूळ मिसळून खोटा आकडा येऊ शकतो. तेव्हा हात नीट धुणे व वाढलेला आकडा शिरेतील रक्ताने पडताळून पाहणे इष्ट होय.

औषधांच्या नावांतील साम्यही घातक ठरले आहे. शिरेवाटे देण्याचे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए व नुसते डायसोडियम ईडीटीए ही दोन वेगळी औषधे आहेत. दुसऱ्याने रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात त्यामुळे मृत्यू घडले आहेत.

झाम्फारात एक नियम कसोशीने पाळला गेला : अंगण स्वच्छ झाल्याखेरीज औषध सुरू करावयाचे नाही. विषारी धुळीत परतणाऱ्या मुलाला औषध देणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. खेड्यांतील मातीचा वरचा थर खरवडून पुरला गेला व त्याजागी स्वच्छ माती पसरण्यात आली. बगेगा या मोठ्या गावाची सफाई रखडून २०१३ साली झाली. तोवर तेथील मुलांचा उपचारही खोळंबला होता. वैद्य तयार, औषध तयार, पण कुदळ-फावड्याची मंजुरी नाही, ही स्थिती कोणत्याही प्रशासनाला अंतर्मुख करणारी आहे. हा उपचार कार्यक्रम पुढे जवळजवळ एक तप चालला.

आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले व घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून नव्वद भाग प्रति दशलक्ष अशी मर्यादा आली. तथापि वस्तीलगत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणे हा धोका शिल्लक आहे. अशा ठिकाणी बाधित मूल आढळले तर ग्रामपंचायतीने भट्टीची जागा व आसपासची माती यांकडे प्रथम पाहावे. कामावरून आलेल्या पालकाचे कपडेही घरात धूळ आणतात.

लोह व कॅल्शियम कमी पडणाऱ्या मुलाच्या आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते, म्हणून रक्तक्षयाची तपासणी व पूरक आहार हा पुढील देखरेखीचाच भाग मानावा. मेंदूची हानी मात्र औषधाने भरून निघत नाही. वीस ते चव्वेचाळीस मायक्रोग्रॅम पातळी असलेल्या ७८० मुलांवर अमेरिकेत झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सक्सिमरने रक्तातील शिसे उतरले, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फरक पडला नाही. या हानीची चिन्हे पुष्कळदा शाळेत गेल्यावरच दिसतात : लक्ष न लागणे, भाषेत मागे राहणे, ऐकण्यात उणीव. दोन वर्षांच्या वयात बरे म्हणून सोडलेले मूल सहाव्या वर्षी 'मठ्ठ' ठरते आणि त्यामागचे कारण शिक्षकाला ठाऊक नसते. अंगणवाडीची नोंद शाळेपर्यंत पोहोचली, तर श्रवणतपासणी व वेगळी शिकवणी वेळेवर मिळू शकते.

मुलींच्या बाबतीत देखरेखीची मुदत आणखी लांबते. गर्भारपणात आईच्या हाडांतील कॅल्शियम सुटू लागते, त्याबरोबर बालपणी साठलेले शिसेही सुटून गर्भापर्यंत जाते. अशा स्त्रीच्या आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास ते पूरक स्वरूपात द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी बालपणीच्या बाधेची नोंद प्रसूतिपूर्व तपासणीच्या पत्रिकेवर असावी लागते.