बेरे टोपी : घालणं, जपणं आणि वाचणं

डोक्यावर घालायच्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. पगडी, पागोटं, फेटा, मुंडासं, रुमाल, कुंची, टोपरं, टोपी. वाक्प्रचारही भरपूर: कुणी कुणाला टोपी घालतो, तर कुणी ऐन वेळी पगडी फिरवतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात युरोपियनांना 'टोपीकर' म्हटलंय. म्हणजे माणूस कोण हे डोक्यावरून ओळखायची सवय आपल्याला निदान तीनशे वर्षांची आहे.

पण बेरेला मात्र मराठीत स्वतःचा शब्द मिळाला नाही. एनसीसीच्या परेडला आम्ही तिला 'बेरे कॅप' म्हणतो आणि काम भागतं. शब्दाचं मूळ मात्र आपल्याला वाटतं त्यापेक्षा जवळ आहे. उत्तर लॅटिनमधल्या 'बिरेटम' या टोपीवाचक शब्दापासून फ्रान्सच्या बेआर्न प्रांतात 'बेरेत' झाला, तिथून फ्रेंचमध्ये 'बेरे'. त्याच मुळापासून इटालियनमध्ये 'बिरेटा' झाला. बिरेटा म्हणजे पाद्रींची चौकोनी, वर उभ्या कडा असलेली टोपी. जुन्या इगर्जींच्या भिंतींवरच्या फोटोंत ती हमखास दिसते. २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आपले आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांना कार्डिनल केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली ती लाल बिरेटाच. म्हणजे कार्डिनलची बिरेटा आणि कॅडेटची बेरे या भाषेच्या नात्याने चुलत बहिणी. (वर्गात हे सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता, म्हणून इथे लिहून ठेवते.)

वस्तू म्हणून बेरे मेंढपाळांची. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरात लोकरीची मोठी गोल टोपी विणायची, मग गरम पाण्यात तुडवून आटवायची, की ती जाड आणि घट्ट होते, पाऊस पटकन आत शिरत नाही. फ्रेंच डोंगरी सैनिकांनी ती उचलली. १९२४ मध्ये ब्रिटिश रणगाडा दलाने काळी बेरे स्वीकारली. कारण अगदी व्यवहारी: रणगाड्याच्या आत टोपीची किनार आड येते, बेरेला किनारच नाही, काळ्यावर ग्रीस दिसत नाही, आणि नको तेव्हा घडी करून खांद्याच्या पट्टीखाली खोचता येते.

मरून रंगाची गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल. १९४२ मध्ये ब्रिटनच्या हवाई छत्रीधारी सैनिकांना मरून बेरे मिळाली. त्यांचे सेनापती फ्रेडरिक ब्राउनिंग. त्यांची बायको म्हणजे 'रेबेका' कादंबरीची लेखिका डॅफ्ने द्यू मोरिए. रंग तिनेच निवडला असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तिने स्वतः ते नाकारलं, तरी गोष्ट काही मेली नाही. लेखिकेपेक्षा तिच्याबद्दलची कथाच जास्त टिकाऊ ठरली, आणि मला वाटतं तिला त्याची गंमतही वाटली असेल.

ही मरून बेरे भारताच्या पॅराशूट रेजिमेंटकडे आली, आणि तीच पुढे गोव्यात आली.

१९६१ च्या १८ डिसेंबरला ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून तीन वाटांनी गोव्यात शिरली. नावातच 'मराठा' असलेली दुसरी पॅरा बटालियन फोंड्याच्या दिशेने, पहिली पॅरा बाणस्तारीच्या वाटेने, आणि दुसरी शीख लाइट इन्फन्ट्री रणगाड्यांसोबत थिवीमार्गे मांडवीकाठच्या बेतीला. डिचोली, शापोरा आणि अस्नोड्याचे पूल पोर्तुगीजांनी उडवून दिले होते. डिचोली-साखळीच्या जुन्या माणसांना 'त्या दिवसांबद्दल' विचारलं तर आधी आवाजांच्याच आठवणी निघतात, त्या यामुळे.

१९ तारखेच्या सकाळी पणजीत शिरताना सगत सिंग यांनी आपल्या जवानांना हुकूम दिला: डोक्यावरची पोलादी हेल्मेटं काढा आणि मरून बेरे घाला.

इथे थोडं थांबूया, कारण पुस्तकांत हा तपशील एका ओळीत उरकतात. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली ती त्याच दिवशी रात्री. म्हणजे सकाळी युद्ध कागदोपत्री संपलेलं नव्हतं. अशा वेळी हेल्मेट काढणं हा धोकाच. मग का काढायला लावलं? एक उत्तर रेजिमेंटच्या अभिमानाचं: बेरे ही त्यांची ओळख, आणि राजधानीत ओळख घेऊनच जायचं. ते खरंच असणार. पण मला दुसरा अर्थही दिसतो. हेल्मेट घातलेला सैनिक समोरच्याला सांगतो की मला तुझ्याकडून गोळीची अपेक्षा आहे. बेरे घातलेला सैनिक तसं सांगत नाही. पणजीच्या लोकांच्या डोळ्यांनी बघा. रेडिओवर भीती घालणाऱ्या बातम्या ऐकून दारं लावून बसलेली माणसं खिडकीच्या फटीतून बघतायत, आणि खाली रस्त्यावर चेहरे दिसतायत. नदी ओलांडून आलेल्या शीख जवानांच्या डोक्यावर तर पगडीच. हा माझा अर्थ आहे, हुकूम देणाऱ्याच्या मनात तो होता असा माझा दावा नाही. पण वेशभूषा बघणाऱ्याच्या मनातही अर्थ तयार करते, घालणाऱ्याचा हेतू काहीही असो. कवितेच्या तासाला आपण हेच शिकतो ना?

पेडण्याच्या विद्यार्थ्यांना याच्या बाजूला दुसरं एक चित्र ठेवता येईल. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही चालत आले. त्यांच्यातल्या अनेकांच्या डोक्यावर खादीची पांढरी टोपी होती. ती टोपी कुणालाच कशापासून वाचवत नाही, आणि तेच तिचं म्हणणं होतं. पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. कर्नेल सिंग तिथेच पडले. पत्रादेवीच्या स्मारकाजवळून बस रोज जाते, आपण मोबाईलमध्ये असतो.

आता वापराकडे येऊया, कारण हा अंक कॅडेटही वाचतात.

नवी बेरे पिठाच्या परातीसारखी सपाट आणि मोठी असते. तशीच घातली तर डोक्यावर आंबोळी ठेवल्यासारखी दिसते. तिला आकार द्यावा लागतो. कोमट पाण्यात भिजवा. पिळू नका, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढा. ओली असतानाच घाला. चामड्याची पट्टी भुवयांच्या साधारण एक इंच वर, सगळीकडून सरळ रेषेत. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून तळव्याने चापून बसवा. फ्रेंच सैन्यात बरोबर उलट असतं, कापड डावीकडे आणि बिल्ला उजवीकडे, तेव्हा सिनेमा बघून नक्कल करू नका. अर्धी सुकेपर्यंत डोक्यावरच ठेवा, मग डोक्याच्या मापाचं भांडं पालथं घालून त्यावर सावलीत सुकवा. एकदा पुरत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. मागची दोरी मापाला ओढून गाठ आत सरकवायची. लोंबणारी दोरी ही परेडवर ओरडा खाण्याची सगळ्यात सोपी वाट.

पाणी कोमटच का, हे समजून घ्या. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. बेरे मुळात अशीच तयार होते. म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली की ती तयार होण्याची क्रिया पुन्हा सुरू होते, आणि शेवटी बाहुलीला बसेल एवढी टोपी हातात येते. धुवायचीच असेल तर थंड पाणी आणि रिठ्याचा फेस. आपल्या आज्या रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना रिठाच वापरायच्या, ते उगाच नाही. रोजच्यासाठी मऊ ब्रश पुरतो, एकाच दिशेने.

गोव्यात बेरेचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. कपाटात बुरशी, आणि लोकरीला कसर. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की ओल आतच कोंडते, म्हणून जुन्या सुती कापडात किंवा कागदात गुंडाळा. सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या. ऊन पडलं की बाहेर काढून वारा द्या, पण थेट उन्हात नको, रंग उडतो. बिल्ला आधी काढून ठेवायचा: पितळेवर हिरवट थर चढतो आणि त्याचा डाग लोकरीतून जात नाही. बिल्ल्याला चिंच चोळली तरी चकाकतो, फक्त टोपीपासून लांब बसून चोळा.

राहिला संग्रह. हरमलच्या किनाऱ्यावर बेरे घातलेला चे गेव्हारा टी-शर्टांवर लटकलेला असतो. अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० ला हवानात काढलेला तो फोटो. ज्याला चे कोण हेही माहीत नसतं तोसुद्धा ती टोपी विकत घेतो, आणि त्यात गुन्हा काही नाही. मरून बेरेचं मात्र तसं नाही. पॅराशूटने उड्या मारून आणि खडतर निवड पार करून ती मिळते. बाजारात ती थोड्या पैशांत मिळते म्हणून कॉलेज डेला घालून मिरवणं मला पटत नाही. कायद्याचीही एक रेघ आहे: लोकांना आपण सैनिक आहोत असं वाटावं या हेतूने सैनिकाचा वेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली शिक्षापात्र आहे. जवळ बाळगणं, अभ्यासणं, प्रदर्शनात मांडणं यात तो हेतू येत नाही.

गोळा करायचंच असेल तर घरापासून सुरू करा. आपल्या तालुक्यांत निवृत्त जवान आहेत आणि त्यांच्या ट्रंकेत टोप्या आहेत: इन्फन्ट्रीची गडद हिरवी, रणगाडा दलाची काळी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्याची फिकट निळी. मागू नका, बघायला द्या म्हणा. फोटो काढा, आणि आजोबांना, काकांना विचारून चिठ्ठीवर लिहा: कुणाची, कुठल्या वर्षी मिळाली, कुठे घातली, घाम कुठल्या हवेचा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. अशा पाच चिठ्ठ्या जमल्या तर मंडळाच्या फलकावर लावायला मी जागा करून देते, टोप्या मात्र ज्याच्या त्याच्या ट्रंकेत परत जातील.