दुकानदाराची लेखणी

वस्तू उत्तम असली म्हणजे ती आपोआप खपते, अशी पुष्कळ लहान व्यावसायिकांची समजूत असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना आलेला अनुभव निराळा होता. बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते लोखंडी नांगरांच्या निर्मितीकडे वळले, तेव्हा लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते असे शेतकरी मानीत असत. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर तयार होता. परंतु तो घेणाऱ्याच्या मनातील भीती तशीच होती. अशी भीती जाहिरातीतील विशेषणांनी जात नाही. तिच्यावर माहितीचा उपाय चालतो, आणि तोही माहिती देणाऱ्याविषयी विश्वास असेल तरच.

पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. कारखान्याचे वार्तापत्र हेच त्याचे मूळ रूप. कालांतराने त्याचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली, आणि मराठी साहित्यात ह्या मासिकांनी आपले स्थान मिळविले. परदेशांतही असे प्रयत्न झाले होते. अमेरिकेतील नांगर बनविणाऱ्या डिअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’, म्हणजे नांगराचे तास, ह्या नावाचे नियतकालिक काढले. फ्रान्समधील टायर बनविणाऱ्या मिशलँ बंधूंनी १९०० साली मोटारचालकांना एक पुस्तिका विनामूल्य वाटली. तिच्या सुमारे ३५,००० प्रती छापल्या होत्या, आणि टायर कसा बदलावा, इंधन कोठे मिळेल, मुक्कामाची सोय कोठे होईल, अशी माहिती तीत होती.

‘द फरो’चा विषय शेती होता आणि मिशलँच्या पुस्तिकेचा विषय प्रवास. विकणाऱ्याने आपल्या मालाविषयी थोडे आणि घेणाऱ्याच्या कामाविषयी पुष्कळ लिहावे, हे ह्यांतून घेण्यासारखे आहे. मासिक काढून साहित्यसेवा करावी, असे मात्र कोणी मनात आणू नये. ते भाग्य क्वचित एखाद्या कारखान्याच्या वाट्याला येते. आपल्याला एक पानाचे पत्रक पुरे आहे.

आता हे प्रत्यक्षात कसे करावे, ते पाहू. समजा, आपले शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. पत्रकाच्या पहिल्या अंकात दुकानाचा इतिहास आणि मालकाचे छायाचित्र द्यावे, असा मोह होईल. तो आवरावा. ग्राहक दुकानाची पायरी चढताना जे पहिले वाक्य उच्चारतो, तेच पहिल्या अंकाचे शीर्षक करावे. बहुधा ते वाक्य असते : ‘दोरा सारखा तुटतो.’ तो का तुटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. सुई बोथट किंवा वाकडी झालेली असते, तिची सपाट बाजू चुकीच्या दिशेला बसविलेली असते, वरच्या दोऱ्याचा ताण फार असतो, नाहीतर दोरा ओवण्याचा क्रमच चुकलेला असतो. एवढे चित्रासह सांगितले की एक अंक झाला. दुसऱ्या अंकात सुयांचे क्रमांक घ्यावेत : तलम कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ किंवा १८. तिसऱ्यात तेलाविषयी लिहावे. खोबरेल तेल घातल्याने मशीन प्रथम हलकी चालते आणि काही दिवसांनी ते तेल चिकट होऊन तीच मशीन जड होते, हे कितीतरी घरांत माहीत नसते.

येथे एक शंका हमखास येते. सगळे सांगून टाकले तर गिऱ्हाईक दुकानात येईल कशाला? शंका खोटी नाही. सुई बदलण्याचे दहा-वीस रुपये खरोखरच बुडतील. परंतु ज्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे काम लग्नसराईच्या ऐन दिवसांत आपल्या पत्रकामुळे अडले नाही, तिच्या मशीनचा शटल झिजेल तेव्हा ती कोणाकडे जाईल, ह्याचा विचार करावा. ह्याच कारणास्तव पत्रकात अप्रिय सत्यही लिहावे लागते. ‘अमुक इतका बिघाड असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, दुसरी मशीन घ्या’ असे जो कारागीर छापून देतो, त्याने पुढे दुरुस्तीची रक्कम सांगितली की तिच्यावर घासाघीस कमी होते. उलट, दुसऱ्या दुकानाची निंदा एका ओळीतही नसावी. तिने लिहिणाराच उणा दिसतो.

अशी पत्रके बंद पडतात ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या अंकाला. आरंभीच्या उत्साहात दर आठवड्याचे वचन दिले जाते आणि सणासुदीची गर्दी सुरू होताच ते मोडते. ठरलेल्या दिवशी न आलेले पत्रक पाहून, दुरुस्तीला दिलेली वस्तू तरी वेळेवर मिळेल काय, असा प्रश्न ग्राहकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून दोन महिन्यांतून एकदा काढावे, आणि पहिला अंक वाटण्यापूर्वी निदान चार अंकांचा मजकूर लिहून ठेवावा. गल्ल्याजवळ एक वही असावी. ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत तीत टिपला, तर विषयांची वाण पडत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण इंदूर, हैदराबाद, बेंगळूरु अशा ठिकाणी व्यवसाय करतात. त्यांनी पत्रक ग्राहकाच्या भाषेत, म्हणजे हिंदीत, तेलुगूत, कन्नडमध्ये काढावे. मराठीवरील प्रेमाची ही जागा नव्हे. मजकूर मराठीत लिहून तो त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि वस्तूंची नावे तेथील बाजारात जी चालतात तीच ठेवावीत.

वाटप साधे असावे. बिलासोबत एक प्रत द्यावी. मोबाइलवर पाठवावयाचे असल्यास आधी ग्राहकाची अनुमती घ्यावी. तो नको म्हणाला की त्याचे नाव त्याच दिवशी काढावे. कोणाचे नाव, छायाचित्र किंवा अभिप्राय छापण्यापूर्वीही विचारावे. कायद्याकडेही लक्ष असू द्यावे. सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या व त्यांवरील भाष्य देणाऱ्या छापील नियतकालिकांना नोंदणी आवश्यक असते. १ मार्च २०२४ पासून त्यासाठी १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा लागू झाला आहे. आपण आपल्या कारागिरीपुरतेच लिहावे हे उत्तम.

दर वाढवावे लागतील, तेव्हा पत्रकाची खरी परीक्षा होते. ती बातमी कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडवू नये. सुट्या भागांची किंमत किती वाढली, मजुरी किती वाढविली आणि कोणत्या तारखेपासून, हे आकड्यांनिशी पहिल्याच परिच्छेदात द्यावे. त्या तारखेपूर्वी दुरुस्तीला दिलेल्या मशीनवर जुनाच दर आकारला जाईल, हेही तेथेच लिहावे.