परदेशी प्रोटीनचा डबा: विकायला काय लागतं, घेताना काय बघायचं

कवठे महांकाळला पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असोत की तालमीतले मल्ल, प्रोटीनचा डबा आता नवलाईचा राहिलेला नाही. ‘पाहुण्यानं दुबईहून आणलाय, बिल नाही, पण स्वस्तात देतो’ असं सांगणाराही कुणी ना कुणी भेटतोच. पाहुण्यानं स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या डब्याला कायद्याची आडकाठी नाही. तोच डबा चार जणांना विकला की मात्र तो धंदा होतो, मग दुकान मोबाईलवर का असेना.

दुकानदारानं सुरुवातीलाच हे लक्षात घ्यावं, की विकण्याचा परवाना महाग नाही. 2011 च्या परवाना नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला नुसती नोंदणी पुरते, फी वर्षाला 100 रुपये. त्याच्या वर राज्य परवाना, 2,000 रुपये. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर करायचा. फी आणि उलाढालीच्या मर्यादा बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी तिथलाच तक्ता बघावा. मिळालेला 14 अंकी क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बिलावर छापणं सक्तीचं आहे.

स्वतः माल मागवायचा तर गणित बदलतं. आयात-निर्यात कोड 500 रुपये, केंद्रीय परवाना वर्षाला 7,500, आणि वजनमापे कायद्याखाली पॅकबंद मालाचा आयातदार म्हणून नोंदणी आणखी 500. म्हणजे कागदांचे 8,500. एवढ्यावर हुरळून जाऊ नये. खरा खर्च न्हावा शेवाला सुरू होतो: सीमाशुल्क, कस्टम एजंट, नमुन्याची तपासणी, आणि अहवाल येईपर्यंत गोदामाचं भाडं. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक किंवा शाकाहारी-मांसाहारी खूण राहिली असेल तर तिथेच स्टिकर लावून दुरुस्ती करता येते. पण भारतीय नियमांत न बसणारा घटक निघाला तर स्टिकरनं भागत नाही, माल परत पाठवावा लागतो किंवा नष्ट होतो. माझं स्पष्ट मत आहे, की तालुक्याच्या दुकानदारानं या फंदात पडू नये. परवानाधारक आयातदाराकडून पक्क्या बिलावर माल घ्यावा आणि नमुना ‘ई’ मधली हमी मागून घ्यावी. उद्या माल खराब निघाला तर तोच कागद पाठीशी उभा राहतो.

गिऱ्हाइकानं डबा उलटा करून मागचं स्टिकर वाचावं. त्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता, 14 अंकी क्रमांक, मूळ देश आणि एमआरपी हवी. ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ हवी, रोज किती घ्यायचं तेही हवं. क्रमांक फॉसकॉसवर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते मोबाईलवरच फुकट कळतं. हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी फार थोडे करतात. मुदतीची तारीखही नीट बघा. दोन वर्षं टिकणारा माल शेवटचे तीन महिने उरले असले तरी बंदरातून सुटू शकतो. मिरजेमार्गे आपल्यापर्यंत येईतो त्यातलंही काही संपलेलं असतं. ‘आज पन्नास टक्के सूट’चं कारण बरेचदा इथेच सापडतं.

‘साखर बरी होते’, ‘सांधेदुखी जाते’ असं लिहिलेला डबा सरळ खाली ठेवा. पुरवणी आहाराला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. हे आपल्या हळदीलाही लागू. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून ती घरी कॅप्सूलमध्ये भरून औषधासारखी विकता येत नाही. अशा उत्पादनाला केंद्रीय परवाना लागतो, शंभराच्या नोंदणीवर ते भागत नाही.

शंका आली तर डबा फेकू नका. डबा, स्टिकर आणि बिल यांचे फोटो काढून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800222365, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार गिऱ्हाईक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि दोष निघाला तर ती फी परत मिळते. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बिल मात्र जवळ हवं.