जुने सूर, नवे खेळ

दिवाळी आटोपते, हलका धान कापून होतो, शेतांतून पुंजणे उभे राहतात आणि झाडीपट्टीतील गावांना मंडईचे वेध लागतात. झाडीपट्टी म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडील वनप्रदेश. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तिचे चार जिल्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे तालुक्याचे गाव मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या वाटेवर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध वसलेले आहे. मंडईच्या दिवसांत या भागातील गावांचे रूप पालटते. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, खेळण्यांची आणि खाऊची दुकाने लागतात. आणि रात्री नाटक असते. दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही.

सावलीच्या एका घरची मंडळी अशाच एका रात्री नाटकाला निघाली आहे अशी कल्पना करू. आबांनी पंचाहत्तरी गाठली आहे. थोरला नातू बावीस वर्षांचा, तर धाकटा बारा वर्षांचा आहे. नाटक सुरू होण्यास अवकाश आहे. धाकट्याच्या हाती भावाचा मोबाइल असून त्यावर तो ठोकळे रचण्याचा खेळ खेळत आहे. वरून निरनिराळ्या आकारांचे ठोकळे पडतात, ते फिरवून एका ओळीत बसवायचे असतात. ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते. खेळाबरोबर एक धून एकसारखी वाजत आहे. आबा थोडा वेळ ती ऐकतात आणि नकळत मांडीवर ठेका धरतात.

"बाबू, हे कोणतं गाणं रे?"

"गाणं नाही आबा, गेमचं म्युझिक आहे हे."

धाकट्याचे उत्तर चुकीचे होते. परंतु त्यात त्याचा दोष नव्हता. 'टेट्रिस' हा खेळ खेळणाऱ्या कोट्यवधी लोकांना या धुनेची हकीकत ठाऊक नसते. रशियन कवी नेक्रासोव्ह याने १८६१ साली खेडोपाडी फिरून माल विकणाऱ्या फेरीवाल्यांवर एक दीर्घ कविता लिहिली. तिचा आरंभीचा भाग लोकांनी उचलला, त्यास चाल मिळाली आणि ते रशियाचे लोकगीत होऊन बसले. पुढे १९८४ साली मॉस्कोतील एका संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह या तरुण संशोधकाने ठोकळ्यांचा हा खेळ रचला. मूळ खेळ मुका होता. १९८९ साली जपानमधील निन्टेंडो या कंपनीने 'गेम बॉय' नावाचे हातात मावणारे यंत्र काढले, तेव्हा तिच्या हिरोकाझु तानाका या संगीतकाराने ती जुनी रशियन चाल या खेळासाठी योजिली. अशा रीतीने फेरीवाल्याचे गाणे शंभर वर्षांहून अधिक काळाने पुन्हा फेरीस निघाले.

ते एवढे पसरले याचे एक कारण यंत्राच्या दारिद्र्यात आहे. गेम बॉयमधून एका वेळी चारच आवाज निघत. त्यांतले दोन सुरांच्या कामी येत, तिसरा बहुधा खालच्या सुरास लागे, आणि चौथा नुसता खरखराट, तो तालासाठी. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर वाद्यवृंदाचा थाट उभा राहणे शक्य नव्हते. म्हणून त्या काळच्या संगीतकारांना चालच अशी निवडावी लागे, की जी उघडी-बोडकी वाजली तरी कानास गोड वाटावी. लोकगीत हे अशा परीक्षेतून आधीच उतरलेले असते. ज्या चालीला वाद्यांवाचून उभे राहता येत नाही, ती दळताना किंवा रोवणी करताना कोण गाईल?

थोरल्या नातवाची गोष्ट निराळी आहे. ठोकळ्यांच्या खेळाचे त्यास अप्रूप नाही. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना 'पबजी' नावाच्या खेळाने देशातील तरुण मुलांना वेड लावले होते. चार मित्र चार घरांत बसून एकत्र खेळत; रात्री जागत; घरच्यांची बोलणी खात. या वेडाने अभ्यासाची आणि झोपेची हानी झाली हे नाकारता येणार नाही. मग २०२० साल उजाडले. मार्चपासून महामारीने देशभरातील रंगमंच बंद पाडले, शाळा बंद पाडल्या. आणि २ सप्टेंबर रोजी भारत सरकारने या खेळावर बंदी घातली. पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने तो परत आला खरा. पण तोवर ते चार मित्र चार दिशांना गेले होते. आज त्या खेळाच्या आरंभी वाजणारे संगीत कोठे कानी पडले, तर बावीस वर्षांचा हा तरुण क्षणभर गप्प होतो. त्याला खेळ आठवत नाही, मित्र आठवतात.

हे ऐकून आबा हसतात. बावीस वर्षांच्या पोराने 'आमच्या वेळी' म्हणावे, याची त्यांना गंमत वाटते. तथापि यात नवल काहीच नाही. मनुष्याच्या स्मरणाचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळून आले आहे, की साधारण दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी उतारवयातही सर्वांत ठळक राहतात. या काळात कानी पडलेली गाणीही तशीच चिकटून बसतात. त्या वयात सारेच प्रथम घडत असते. पहिली मैत्री, पहिले भांडण, घरापासून दूर पहिला मुक्काम. त्या प्रसंगांच्या पाठीमागे जे संगीत वाजत असेल ते त्यांच्यासह मनात मुरते. मग पुढे जन्मभर तेच संगीत खरे आणि बाकीचे नुसता गोंगाट, असे ज्याला त्याला वाटू लागते.

आबांचे कान रेडिओवर पोसले होते. आज ज्या गाण्यांना लोक 'जुनी गोड गाणी' म्हणतात, ती त्या वेळी नवी होती आणि तेव्हाच्या वडीलधाऱ्यांना मुळीच गोड वाटत नव्हती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे. त्यांचा ओढा शास्त्रीय संगीताकडे होता. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत असल्याने आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई फिरवून थेट सिंहलद्वीप गाठले! रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी ३ डिसेंबरला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज घरोघरी पोहोचला. अखेर १९५७ साली आकाशवाणीने 'विविध भारती' काढून चित्रपटगीतांना पुन्हा घरात घेतले. त्या गाण्यांत विलायती तालही शिरले होते. गिटार आणि ढोल यांच्या दणक्यावर चालणारे 'रॉक' संगीत अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात जन्मास आले आणि लवकरच मुंबईच्या चित्रपटांत नाचू लागले. 'गुमनाम' या १९६५ सालच्या चित्रपटातील मोहम्मद रफी यांनी गायलेले, शंकर-जयकिशन यांनी रचलेले एक नृत्यगीत तर २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी जसेच्या तसे वापरण्यात आले. जो ताल तिकडून आला होता, तो छत्तीस वर्षांनी परतभेटीस गेला.

रॉक संगीताचा आणि महाराष्ट्राचा याहूनही जवळचा एक संबंध आहे. झांजिबार बेटावर १९४६ साली जन्मलेला फरोख बलसारा हा पारशी मुलगा शिक्षणासाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत येऊन राहिला. तेथे तो पियानो शिकला. १९५८ साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, त्याने शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' नावाचे एक गायन-वादन मंडळ काढले. नभोवाणीवर आणि तबकड्यांवर ऐकलेली विलायती गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवीत. हाच मुलगा पुढे इंग्लंडला गेला. फ्रेडी मर्क्युरी असे नाव घेऊन १९७० साली त्याने मित्रांसह 'क्वीन' हा वाद्यवृंद उभारला आणि जगभर कीर्ती मिळवली. १९९१ साली तो निवर्तला.

आता पुन्हा खेळाकडे वळू. २००५ साली अमेरिकेत 'गिटार हीरो' नावाचा एक खेळ निघाला. त्यासोबत प्लास्टिकची एक छोटी गिटार मिळे. तिला तारा नव्हत्या. मानेवर पाच रंगांची पाच बटणे आणि मध्ये एक हलणारी पट्टी होती. पडद्यावर रंगीत ठिपके गाण्याच्या लयीत खाली सरकत. ठिपका रेषेवर पोहोचताच त्या रंगाचे बटण दाबून पट्टी छेडावयाची. वेळ साधली तर गिटारचा सूर उमटे; चुकली तर तेवढा सूर गळून पडे. यातील बहुतेक गाणी जुनी होती, त्यांत क्वीनचे १९७४ सालचे एक गाणे होते. ज्या मुलांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, ती मुले आपल्या आईबापांच्या तरुणपणीची गाणी आता बोटांनी वाजवू लागली. चार वर्षांनी, २००९ साली, बीटल्स या विख्यात इंग्रज वाद्यवृंदाच्या गाण्यांवर असाच एक खेळ आला. तो वृंद मोडून तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती.

खरे गिटारवादक या प्रकारावर नाराज झाले. पाच बटणे दाबणे म्हणजे गिटार वाजवणे नव्हे, असे ते म्हणत. आणि ते बरोबरच होते. परंतु या खेळाने मुलांना एक गोष्ट निश्चित शिकवली, ती म्हणजे ऐकणे. नुसते गाणे लागलेले असता कान अर्धवट जागे असतात. चुकल्यास सूर गळणार हे ठाऊक असले, म्हणजे गाण्यातील कोणता आवाज गिटारचा आणि कोणता ढोलाचा, हे मनुष्य आपोआप निवडू लागतो.

खरी अडचण पुढेच होती. २०१५ साली याच खेळाची एक नवी आवृत्ती आली. तिच्यातील बहुतेक गाणी खेळाच्या तबकडीत नव्हती. ती कंपनीच्या दूरच्या संगणकावर ठेवलेली असत आणि खेळताना इंटरनेटवरून येत. १ डिसेंबर २०१८ रोजी कंपनीने ती सोय बंद केली. त्या दिवशी ४८४ गाण्यांपैकी केवळ ४२ गाणी खेळणाऱ्यांच्या हाती उरली. ती गाणी जगातून नाहीशी झाली असे नव्हे. ती अन्यत्र ऐकता येत होती. पण ज्या मुलाने महिनोन्‌महिने बोटे घासून एखादे गाणे साधले होते, त्याला ते पुन्हा वाजवण्याची वाट उरली नाही. पैसे मोजून घरी आणलेले बाजे घरातच होते. कुलूप मात्र परक्याच्या हाती होते.

धाकट्याने मोबाइल खिशात ठेवला, कारण एव्हाना ऑर्गनचा सूर निघाला होता. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन आणि तबला यांचे स्थान मोठे आहे. अलीकडे त्यांच्या शेजारी ऑक्टोपॅडही आला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. हंगामात तेथून नाटकमंडळ्या गावोगाव जातात. या रंगभूमीचे मूळ दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांत आहे. कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे या नटाने पाच हजारांहून अधिक प्रयोगांत काम केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेती करावी आणि हंगामात तोंडाला रंग लावावा, अशी येथील कित्येक कलावंतांची रीत आहे.

या रंगभूमीवरही नवे वारे शिरले आहेत, आणि ते साऱ्यांना रुचत नाहीत. मध्येच सिनेमाच्या चालीवरचा नाच आला, की आबांसारखे प्रेक्षक पाण्याच्या निमित्ताने उठतात. परंतु गाणारा नट जेव्हा पुढे येतो, तेव्हा सारे स्थिर होतात. त्याचे गाणे त्याच्या गळ्यात असते. पहाटेच्या थंडीत आवाज बसला, तर ऑर्गनवाला पट्टी उतरवून त्यास सांभाळून घेतो. एखादी ओळ प्रेक्षकांना आवडली तर 'वन्स मोअर'चा पुकारा होतो आणि ती पुन्हा येते, पण हुबेहूब नव्हे. या वेळी एखादी हरकत अधिक, एखादा ठेहराव लांब. ऐकणाऱ्यांपैकी दहा-पाच जण ती ओळ घरी घेऊन जातात. तिला कोणाच्या संगणकाची परवानगी लागत नाही. मात्र तिला गळे लागतात. गाणारे आणि ऐकून लक्षात ठेवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक लागतात. ते कमी झाले, तर तीही त्या चारशे बेचाळीस गाण्यांच्या वाटेने जाईल.

पहाटे पडदा पडला. बांध्यांवर धुके उतरले होते. थोरला नातू झोपेने पेंगत चालला होता. धाकटा मात्र नाटकातील एक पद गुणगुणत होता. पहिली ओळ नीट, दुसरीत थोडी रशियन फेरीवाल्याची चाल मिसळलेली. आबा दोन पावले तसेच चालले. मग त्यांनी थांबून दुसरी ओळ हळू आवाजात म्हणून दाखवली.

"इथं खाली नाही उतरायचं बाबू. वर जा. पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटली.