वह्या माझ्याकडे पाठव

चि. सुहास,

प्रकाशकानं गाण्यांचा संग्रह परत केला म्हणून तू वह्या रद्दीत घालायला निघालास, असं तुझी आई म्हणाली. थांब जरा. आधी रॉबर्ट टॅनहिलची गोष्ट वाच.

हा स्कॉटलंडमधल्या पेझलीचा विणकर, जन्म 1774चा. बाराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली मागावर बसला. मागालाच त्यानं कागद-शाई ठेवायला फळी जोडून घेतली होती म्हणतात. धोटा चालवता चालवता जुन्या लोकचालींवर शब्द बसवायचा. (आम्हाला स्वतंत्र टेबल असूनही सुचत नाही!) मध्यंतरी इंग्लंडात बोल्टनला कामाला गेला, वडील अखेरच्या आजारात म्हणून परतला आणि आईजवळच राहिला.

1807 साली वर्गणीदार जमवून त्यानं पुस्तक काढलं. 900 प्रती लवकर संपल्या. पण छापून आल्यावर त्याला स्वतःचंच लेखन टोचू लागलं. सुधारून नवी आवृत्ती काढावी म्हणून एडिंबरोच्या कॉन्स्टेबल या मोठ्या प्रकाशकाला विचारलं. नकार आला. त्यानं हाताशी होतं ते लेखन जाळलं आणि मे 1810मध्ये जीव दिला. वय 35.

एका नकारानं माणूस जातो असं मी मानत नाही. त्याचं मन आधीपासूनच खचत चाललं होतं. तुला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर ते मला आधी सांग. कवितेचं मागाहून बघू.

टॅनहिलची गाणी टिकली ती मित्रांकडे नकला होत्या म्हणून, आणि लोक ती गात होते म्हणून. आर. ए. स्मिथ हा त्याचा मित्र, तोही विणकामातूनच संगीताकडे आलेला. डंब्लेनच्या जेसीवरच्या गाण्याला त्यानं चाल लावली आणि ते घरोघरी गेलं. बाल्क्विडरच्या डोंगरउतारांवरच्या गाण्यातून पुढे बेलफास्टच्या मॅकपीक घराण्यानं ‘वाइल्ड माउंटन थाइम’ हे गाणं घडवलं. ते गाणाऱ्या कित्येकांना टॅनहिल हे नावही ठाऊक नसतं.

तू गाणी लिहितोस आणि दाखवतोस कवितासंग्रह काढणाऱ्यांना! तुझ्या त्या पेटीवाल्या मित्राला दोन गाणी दे, त्याच्या गळ्यातून ऐक, कुठे शब्द अडतो ते कळेल. दुरुस्ती कर, पण जुना खर्डा फाडू नकोस.

वह्या कुरियरनं पाठव. झेरॉक्सचा एक संच माझ्या कपाटात ठेवते, मूळ वह्या आठवड्यात परत करते.

तुझी,
आत्या